एको किती द्यायचा

माझं लग्न होऊन मी शिरूरला आले तेव्हा आमच्या घरात माणसं तीन होती आणि कर्णे चार. माणसं म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. कर्णे पलंगाखाली आडवे पडलेले असत आणि त्यांच्या तोंडात आत्या कांदे ठेवायच्या, हवा लागून टिकतात म्हणून. लग्नाची नाहीतर जयंतीची सुपारी आली की कांदे बाहेर निघायचे आणि कर्णे जीपवर चढायचे. एकदा घाईत दोन कांदे आतच राहिले, आणि एका लग्नात सगळी मंगलाष्टकं पडसं झाल्यासारखी वाजली. भटजी बिचारे सारखे पाणी मागत होते.

नवरा इलेक्ट्रिशियन. साऊंडचा धंदा त्यांनी हौसेनं सुरू केला होता. त्या दिवसांत गाणाऱ्यांशी भांडणं होत नसत, कारण भांडायला काही नव्हतंच. एक माईक, एक ॲम्प्लिफायर. गाणाऱ्यानं माईकजवळ उभं राहायचं, पेटीवाल्यानं सरकून बसायचं, आणि ज्याला आपला आवाज जास्त हवा असेल त्यानं शेजारच्याला कोपरानं ढकलायचं. साऊंडवाल्याला कुणी काही विचारत नसे. तो मांडवाच्या खांबाला टेकून चहा प्यायचा.

मग ह्यांनी पुण्याहून आठ माईकांचा मिक्सर आणला. गायकाला एक माईक, पेटीला एक, ढोलकीला एक, मागं कोरस धरणाऱ्यांना दोन. प्रत्येकाला आपापला माईक मिळाला आणि त्याच दिवसापासून प्रत्येकाला वाटू लागलं की आपलाच आवाज कमी आहे. ढोलकी वाढवली की पेटीवाला मान वर करायचा. पेटी वाढवली की गायक वळून बघायचा. गायकाला वाढवलं की ढोलकीवाला बोटानं वर वर अशी खूण करायचा. सगळ्यांना वर नेत नेत शेवटी माईक कुईं करून शिट्टी मारायचा, आणि मग सगळे मिळून ह्यांच्याकडे रागानं बघायचे.

त्याच सुमारास रांजणगावला कारखाने उभे राहिले आणि ह्यांना एका कंपनीत नोकरी लागली, तीन पाळ्यांची. नोकरी सोडवेना आणि साऊंडही सोडवेना. एका रविवारी तळेगाव ढमढेऱ्याला दुपारचा कार्यक्रम ठरलेला आणि ह्यांची नेमकी तीच पाळी. आदल्या दिवशी त्यांनी मिक्सर स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "बस. शिकवतो."

शिकायला फार नव्हतं. ही दांडी वर नेली की आवाज वाढतो, खाली आणली की कमी होतो. हे बटण फिरवलं की एको, म्हणजे आवाज विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. कुठली दांडी कुठवर न्यायची ते लक्षात राहावं म्हणून मी माझ्या पाकिटातल्या टिकल्या काढून जागोजाग चिकटवल्या. मग ह्यांनी विचारलं, "आणि कुणी वाढवा म्हणालं तर काय करायचं?"

"वाढवायचं."

"न्हाई. हात न्यायचा, बटनाला लावायचा, मान हलवायची. फिरवायचं न्हाई."

"हे खोटं झालं."

"एकदा करून बघ, मग बोल."

मी रोज सकाळी पंचशील म्हणणारी. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. पण इथे बोलायचं काहीच नव्हतं, नुसता हात न्यायचा होता, अशी मी मनाची समजूत घातली.

तळेगावला जीपवाल्या मामांनी स्पीकरचे बॉक्स लावून दिले आणि मी मांडवात मिक्सरपुढे खुर्ची टाकून बसले. बाई बसलेली बघून गाणाऱ्या पार्टीनं एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्याच गाण्याला ढोलकीवाल्यानं खूण केली, वाढवा. मी हात नेला, बटणाला लावला, मान हलवली. त्यानं दोन थापा मारून पाहिल्या आणि हसून म्हणाला, "आता कसं, बराबर झालं." माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. कार्यक्रम संपेपर्यंत मी एकही बटण न फिरवता सगळ्यांना खूश केलं. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मिक्सर आणल्यापासनं मी तेच करतोय."

हे सगळं शाहिरांची गाठ पडेपर्यंत चाललं.

शाहीर दौंडचे. रेल्वेत नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचे. गाणी स्वतः लिहायचे, चालीही स्वतः लावायचे. अंगानं आडवे, आवाज असा की माईक नसतानाही अर्ध्या गावाला पुरावा. पण त्यांचा सगळा जीव एकोत. एको असल्याशिवाय ते खाकरतसुद्धा नसत. वरवंडला त्यांचा कार्यक्रम होता आणि साऊंड आमचं. पहिल्या कडव्यातच ते म्हणाले, "ताई, एको द्या." मी हात नेला, मान हलवली. दुसऱ्या कडव्याला पुन्हा म्हणाले, "ताई, अजून." मी पुन्हा हात नेला. तिसऱ्यांदा त्यांनी ढोलकी थांबवली आणि हातात माईक तसाच धरून, मागं वायर फरफटत, स्टेज उतरून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. सगळी माणसं बघत होती. माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं बोलणं सगळ्या वरवंडनं ऐकलं.

"ताई, हात गेला, पन बटन फिरलं न्हाई."

"फिरवलं की."

"मी रेल्वेत सिग्नलला हाय. सिग्नलचा हात खरंच पडला का नुसती तारच हलली, मला फर्लांगावरनं कळतं."

मी खाली मान घालून बटण खरोखरच फिरवलं, आणि त्यांच्या समाधानापुरतं जरा जास्तच फिरवलं. पुढचं गाणं विहिरीत चार माणसं एकदम बोलत असल्यासारखं झालं. शाहीर प्रसन्न झाले.

त्या दिवसापासून त्यांनी अट घातली. मिक्सर स्टेजवर पाहिजे, त्यांच्या उजव्या हाताला, डोळ्यांसमोर. मला नाही म्हणता आलं नाही, पकडली गेले होते. पण स्टेजवर बसलं की बॉक्सचं तोंड पलीकडे, आपल्याला त्यांची पाठ. माझ्या एका कानात ढोलकी, दुसऱ्या कानात शाहीर, आणि मांडवात लोकांना काय ऐकू जातंय ते मला काही कळायचं नाही. डोळे बांधून भाजीत तिखट घालावं तसं.

तोड आत्यांनी काढली. आत्या प्रत्येक कार्यक्रमाला यायच्याच, गाण्याची त्यांना भारी आवड. एका दुपारी तांदूळ निवडत त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या शाहिराचा आवाज लई मोठा हाय, पन काय म्हणतोय त्ये मागं कळंना."

मी म्हटलं, "मागं कळत नाही हे मला पुढं कसं कळणार?"

"मी सांगती की."

त्यांच्याकडे काळी छत्री होती, उन्हाळ्यात पावसाळ्यात सारखीच बरोबर असायची. आमचं असं ठरलं की आत्यांनी सगळ्यात शेवटी, मांडवाच्या बाहेरच्या कडेला बसायचं, म्हणजे मागं कुणाला आडवं यायला नको. छत्री सरळ असली तर शब्द कळताहेत. छत्री डावीकडे वाकडी केली तर एको फार झाला, कमी कर. दोन-तीन कार्यक्रम असे पार पडले. शाहिरांना कळू न देता मी सुईच्या टोकाएवढं बटण मागं घ्यायचे, आत्या छत्री सरळ करायच्या.

मग कासुर्डीचा सामना आला.

सामना म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर. एकानं गाण्यातून सवाल करायचा, दुसऱ्यानं गाण्यातून जवाब द्यायचा. एका बाजूला आमचे दौंडचे शाहीर आणि दुसऱ्या बाजूला तळेगावचे एक गुरुजी, प्राथमिक शाळेतले. गुरुजी किडकिडीत, आवाज बारीक, पण उच्चार असे स्वच्छ की काना-मात्रा मोजून घ्यावी. ते चांगल्या मास्तरासारखं गाण्याआधी शब्द एकदा वाचून दाखवायचे. दिवस बुद्धपौर्णिमेचा. त्या वर्षांत भारनियमनामुळे संध्याकाळी लाईट जायची, म्हणून कार्यक्रम दुपारी तीनलाच ठेवलेला. विहारासमोर मांडव, बायामाणसांनी गच्च भरलेला. दोन्ही पार्ट्या एकाच स्टेजवर, आणि मधोमध मी मिक्सर घेऊन. दोन सवतींच्या मध्ये सासू बसावी तशी.

गाण्याआधीच सुरुवात झाली. गुरुजी वाकून म्हणाले, "ताई, एक विनंती. दोघांचा आवाज समान ठेवा. त्यांचा आवाज खांबांना धडकून पुन्हा येतो. माझा एकदा जातो तो जातोच."

शाहिरांनी ऐकलं. म्हणाले, "गुरुजी, ज्याचा आवाज परत येत न्हाई, त्याला एकोनं काय व्हनार?"

"मला एको नकोच. मला न्याय हवा."

"मग कोर्टात जा, हितं साऊंड हाय."

मी दोघांच्या दांड्यांना सारख्या उंचीवर टिकल्या लावल्या. शाहिरांची लाल, गुरुजींची हिरवी. दोघांनीही चष्मा पुढे करून टिकल्या तपासल्या. गुरुजींना हिरवी एक केस खाली वाटली. मी ती उचलून पुन्हा लावली, तर शाहिरांना लाल खाली दिसायला लागली. शेवटी विहाराच्या कमिटीतले एक आप्पा ओरडले, "अहो, टिकल्याच लावायच्या का गाणं बी व्हनार हाय?" तेव्हा कुठे ढोलकी वाजली.

पहिला तास बरा गेला. शाहिरांनी शिक्षणावर नवीन गाणं रचून आणलं होतं, त्याच गाण्यानं त्यांनी सवाल टाकला. ध्रुवपद होतं, "शिक्षणानं समतेची दाविली वाट." ते ही ओळ घोळवून घोळवून म्हणायचे, डोळे मिटून, आणि एको भरपूर. मागं आत्यांची छत्री वाकडी झाली. मी बटण जरा मागं घेतलं. छत्री वाकडीच. आणखी मागं घेतलं. छत्री सरळ व्हायच्या ऐवजी अजून वाकली. मला वाटलं, मागं फारच गिचका होत असणार. गुरुजींचा जवाब झाला, शाहिरांची पाळी पुन्हा आली, छत्री आता जवळजवळ आडवी. मी धीर करून एको पार शून्यावर आणला.

शाहिरांनी ओळ घेतली आणि मध्येच तोडली. त्यांनी माईककडे पाहिलं, हातानं ठोकला, मग माझ्याकडे वळले.

"ताई, माझा आवाज कुठं गेला?"

"इथंच आहे, शाहीर."

"ह्यो माझा न्हाई. ह्यो कुना दुसऱ्याचा हाय." मग त्यांनी मिक्सरवर वाकून बटण पाहिलं. "एको बंद केला? गुरुजींनी काय सांगितलं का?"

गुरुजी ताडकन म्हणाले, "माझं नाव मध्ये घेऊ नका."

आता आणखी एक खोटं बोलून भागणार नव्हतं. मी म्हटलं, "मागं शब्द कळत नव्हते म्हणून कमी केला."

"कोन म्हनतं?"

मी बोट दाखवलं. सगळा मांडव मागं वळला. शाहिरांनी कपाळावर हात धरून त्या काळ्या छत्रीकडे पाहिलं, आणि सिग्नलवाला माणूस तो, त्यांच्या सगळं ध्यानात आलं.

"ह्यो सिग्नल कवापासून चालू हाय?"

"दोन महिने झाले."

त्यांनी माईक तोंडाशी नेला. "आत्याबाई, उभ्या राहा जरा."

आत्या उभ्या राहिल्या. पांढरं लुगडं, हातात छत्री.

"तुमाला माझं शब्द कळत न्हाईत?"

"आता कळत्यात," आत्या म्हणाल्या. "मघाशी न्हवतं कळत."

"मग आता कळत्यात तर छत्री वाकडी का हाय?"

आत्यांनी छत्रीकडे बघितलं. "आवं, ऊन आलंय की हिकडनं. तोंडावर येत हुतं म्हणून वाकडी धरली."

मला स्टेजवरून खाली उडी मारावीशी वाटली. मी तासभर उन्हाच्या हिशेबानं एको कमी करत बसले होते. लोक हसायला लागले. शाहीर मात्र हसले नाहीत. आत्यांना मघाशी काय ऐकू येत होतं ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

"आत्याबाई, खरं सांगा. मघाशी माझी वळ तुमाला काय ऐकू आली?"

आत्यांना शाहिरांना दुखवायचं नव्हतं, पण विचारलं होतं सगळ्यांसमोर. त्या म्हणाल्या, "शिक्षणानं समद्यांची लाविली वाट."

मागच्या बाजूला बी.ए. होऊन घरी बसलेली चार-पाच जणं होती, त्यांतला एक म्हणाला, "आज्जी, बरूबर ऐकलं तुमी." आणि मग जे हसू फुटलं ते थांबेचना. बाया पदर तोंडाला लावून वाकल्या. शाहिरांच्याच कोरसमधला एक जण ढोलकीवाल्याच्या पाठीमागं लपून हसत होता. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. शिक्षक असल्यामुळे त्यांना उघडपणे हसणं अवघड होतं.

शाहीर लाल झाले. मला वाटलं, आता माईक फेकून निघून जाणार. पण ते स्टेजवरच मांडी घालून बसले, तांब्याभर पाणी प्यायले, आणि ढोलकीवाल्याला हातानं थांब म्हणाले. मग मला म्हणाले, "ताई, तसंच ऱ्हाऊ द्या." त्यांनी ती ओळ एकट्यानं, हळू, एकेक शब्द सुटा करून म्हटली. शिक्षणानं. समतेची. दाविली. वाट. मी पहिल्यांदा त्यांचा नुसता आवाज ऐकला. तो जरा खरखरीत होता, वरच्या सुराला थोडा चिरायचा. पन्नाशीला टेकलेल्या, दिवसभर रुळांवर उन्हात राबणाऱ्या माणसाचा आवाज. म्हणताना ते आत्यांकडेच बघत होते. मला उगीचच भरून आलं, आणि त्यांना इतके दिवस फसवलं याची लाजही वाटली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता समदं कळलं," आत्या म्हणाल्या. "वाट दाविली. लई चांगलंय गानं." मग म्हणाल्या, "पन राग मानू नका, नुसती भाकर खाल्ल्यावानी लागतंय. थोडं कोरड्यास असू द्या."

आता शाहीर हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं का ताई? कोरड्यास वाढा. पन भाकर बुडंल एवढं नको."

भाकरीवर कालवण वाढावं तसं मी बटण थोडंसं फिरवलं. त्यांनी खाकरून पाहिलं, अजून जरासं म्हणाले, मी अजून जरासं दिलं. मागून आत्यांनी मान डोलावली. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "ताई, त्यांना जेवढं दिलं तेवढंच मलाही."

शाहीर म्हणाले, "गुरुजी, तुमाला तर नको हुतं."

"नुसती भाकरी मलाही घशाखाली उतरत नाही हो, आज चार वर्षं," गुरुजी म्हणाले. "पण मागायचं कसं, कळत नव्हतं."

पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधी शाहिरांनी ढोलकीवाल्याला बरोबर घेतलं, दोघांनी मिक्सर वायरींसकट उचलला आणि स्टेजवरून खाली, लोकांच्या मधोमध नेऊन ठेवला. माझी खुर्चीही शाहिरांनीच उचलून आणली. म्हणाले, "हितनं ऐका आन् काय वाटंल त्ये करा. पन हात न्याल तवा बटन फिरवा." सामन्याचा निकाल कमिटीनं नेहमीसारखा बरोबरीचा दिला, दोघांना सारखे हार घातले. सात वाजता लाईट गेली तेव्हा आम्ही वायरी गुंडाळत होतो.

यानंतर शाहिरांशी माझी भांडणं संपली असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. ती वाढलीच. फक्त आता ती उघड व्हायला लागली. ते स्टेजवरून म्हणायचे, "ताई, ढोलकी माज्या अंगावर येतीय," आणि मी खालून सांगायचे, "तुम्ही ढोलकीला चिकटून उभे राहता म्हणून येते, दोन पावलं सरका." ते सरकायचे नाहीत. मी ढोलकी उतरवायचे नाही. दोन गाण्यांनंतर ते एक पाऊल सरकायचे, आणि मी ढोलकी एक रेघ खाली घ्यायचे. आत्यांना मात्र त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. कुठेही कार्यक्रम असला की शेवटच्या रांगेत त्यांच्यासाठी सावलीतली खुर्ची आधीच ठेवलेली असायची.

दोन वर्षांनी ह्यांना कंपनीत जनरल शिफ्ट मिळाली आणि रविवार मोकळे झाले. मी म्हटलं, आता तुमचा मिक्सर तुम्हीच सांभाळा, मला एकदा बसून नुसतं गाणं ऐकू द्या. पहिलाच कार्यक्रम दौंडला, रेल्वे कॉलनीजवळच्या विहारात, शाहिरांचाच. मी आत्यांशेजारी शेंगदाणे घेऊन बसले. शाहीर म्हणाले, "दादा, कोरड्यास द्या." ह्यांना काही कळेना. ते म्हणाले, "एको का? किती? चारवर ठेवू का पाचवर?"

"चार-पाच मला म्हाईत न्हाई. भाकर बुडू नये असा."

ह्यांनी पाच केला. शाहीर म्हणाले, जास्त झाला. चार केला. म्हणाले, कमी झाला. ह्यांनी गंभीरपणे विचारलं, "साडेचार करून बघू?" शाहिरांनी ढोलकी थांबवली, मांडवावरून नजर फिरवली, मी दिसले. म्हणाले, "ताई, दाणे नंतर खा."

मला उठावं लागलं. ह्यांनी खुर्ची सोडली आणि जाऊन बॉक्सच्या वायरी तपासत उभे राहिले, वायरींना काही झालेलं नसताना. येताना जीपमध्ये ते सिद्धटेकच्या फाट्यापर्यंत मांडीवरचं वायरीचं भेंडोळं सोडून पुन्हा गुंडाळत होते. मला वाईट वाटत होतं. धंदा त्यांचा, हौस त्यांची, मिक्सर त्यांनी आणलेला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "त्ये कोरड्यास म्हंजी नेमकं कितीवर ठेवतेस?"

"ते सांगता येत नाही. दर वेळी वेगळं असतं. माणसं किती, वारा कुठला, त्यांचा घसा कसा, त्यावर."

"कंपनीत असं बोललं तर काढून टाकतील मला."

"मग कंपनीत नका बोलू."

मागच्या सीटवर आत्या झोपल्यात असं आम्हाला वाटत होतं. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तू वायरी बघ, तिला बटनं बघू दे. दोघं एकाच चुलीवर कशाला बसताय?"

त्यावर कुणी वाद घातला नाही. पुढच्या रविवारपासून ह्यांनी वायरी जोडायच्या आणि मी मिक्सरवर बसायचं असं सुरू झालं, आणि डीजेवाले येईपर्यंत आठ-नऊ वर्षं तसंच चाललं.